हरलेला ठराव आणि ७२ तास

१० नोव्हेंबर १९३८. मुंबई प्रांताच्या विधानसभेत स्वतंत्र मजूर पक्षाचे आमदार पी. जे. रोहम एक अशासकीय ठराव मांडायला उभे राहिले. ठराव संततिनियमनाचा होता. सरकारने सामान्य जनतेत संततिनियमनाचा जोरदार प्रचार करावा आणि त्याच्या साधनांची पुरेशी सोय करावी, एवढीच मागणी. त्यामागचे भाषण पक्षाचे नेते डॉ. बाबासाहेब आंबेडकर यांचे होते. ते त्या दिवशी सभागृहात नव्हते म्हणून रोहमांनी ते मांडले. मतदान झाले. बाजूने ११, विरोधात ५२. ठराव पडला.

१४ एप्रिलला आणि ६ डिसेंबरला आपण बाबासाहेबांचे सगळे लढे आठवतो. महाडचे तळे, काळाराम मंदिर, पुणे करार, हिंदू कोड बिल, नागपूरची धम्मदीक्षा. पण हा हरलेला ठराव कुणाच्या भाषणात ऐकला आहे का? कुठल्या बॅनरवर पाहिला आहे का? आम्ही तरी पाहिलेला नाही. स्त्रीच्या शरीरावर हक्क कुणाचा, या प्रश्नावर बाबासाहेबांनी घेतलेली ही अत्यंत स्पष्ट भूमिका आपल्याच चळवळीने कपाटात ठेवून दिली आहे. ती बाहेर काढण्यासाठी हा लेख.

निमित्त झाले रेडीचे. वेंगुर्ले तालुक्याचे हे दक्षिण टोक. एका बाजूला यशवंतगड, दुसऱ्या बाजूला लोहखनिजाच्या खाणी आणि बंदर, आणि पलीकडे तेरेखोल ओलांडली की गोवा. इथल्या वस्तीतली पोरे-पोरी कामासाठी रोज गोव्यात जातात, काही मुंबईला असतात. या भागातल्या एका अभ्यासवर्गात आम्ही तरुणांना म्हटले, नाव न लिहिता मनातला प्रश्न चिठ्ठीवर लिहा. आरक्षणावर, संविधानावर प्रश्न आले. पण जवळजवळ निम्म्या चिठ्ठ्यांचा विषय एकच होता. एकदाच झाले, काही वापरले नव्हते, दिवस जातील का? किती दिवसांनी कळते? गोळी घेतली तर पुढे मूल होत नाही हे खरे का? एका चिठ्ठीवर फक्त एवढेच होते, "कुणाला विचारायचे?"

मित्रांनो, "कुणाला विचारायचे?" हा या चिठ्ठ्यांमधला सगळ्यात राजकीय प्रश्न आहे. त्याला दीडशे वर्षांचा इतिहास आहे.

भीती कुणाच्या वाट्याला?

१८६३ साली पुण्यात जोतिराव आणि सावित्रीबाई फुल्यांनी बालहत्या प्रतिबंधक गृह सुरू केले. त्याच काळात काशीबाई नावाच्या एका ब्राह्मण विधवेला नवजात मुलाला मारल्याबद्दल काळ्या पाण्याची शिक्षा झाली होती. तिला दिवस गेले ते कुणामुळे, हे न्यायालयाने विचारले नाही. १८८१ मध्ये सुरतेच्या विजयालक्ष्मी या विधवेचा खटला गाजला. आधी फाशी, नंतर ती सौम्य झाली. त्यावर वर्तमानपत्रांतून बायकांच्या चारित्र्यावर चिखलफेक सुरू झाली, तेव्हा बुलढाण्याच्या ताराबाई शिंदे यांनी १८८२ साली 'स्त्री-पुरुष तुलना' लिहून सरळ सवाल केला की दोष दोघांचा असताना शिक्षा एकीलाच का?

संबंध दोघांचा, गर्भ एकीचा आणि बदनामी तिच्या एकटीची. जात टिकवायची तर बाईची कूस ताब्यात ठेवावी लागते, हे बाबासाहेबांनी १९१६ साली कोलंबिया विद्यापीठात वाचलेल्या 'भारतातील जाती' या निबंधातच दाखवून दिले होते. सती, सक्तीचे वैधव्य आणि बालविवाह ही जातीची कुंपणे आहेत, असे त्यांचे प्रतिपादन होते. म्हणून ज्या समाजाला जात टिकवायची असते, त्याला बाईच्या हातात गर्भाविषयीचे ज्ञान नको असते. अज्ञान हेसुद्धा एक कुंपणच आहे.

कोकणात या कुंपणाला आणखी एक बाजू होती. नवरा मुंबईला गिरणीत किंवा गोदीत, बायको गावाला शेतात. २०११ च्या जनगणनेतही सिंधुदुर्गात दर हजार पुरुषांमागे हजाराहून जास्त स्त्रिया होत्या, कारण पुरुष बाहेर. चाकरमानी गणपतीला किंवा शिमग्याला यायचा, आठ-दहा दिवस राहायचा आणि जायचा. मागे उरायची ती बाई, आणि महिना उलटेपर्यंतची मोजदाद. गरोदरपणातही डोक्यावर भारा घेऊन डोंगर चढणाऱ्या कोकणातल्या दलित बायकांचे जगणे उर्मिला पवारांनी 'आयदान'मध्ये लिहून ठेवले आहे. ते प्रत्येक तरुणाने वाचावे.

मनूचे गणित आणि डॉक्टरांचे गणित

गर्भ कधी राहतो, हे माणसाला खात्रीने फार उशिरा कळले. मनुस्मृतीच्या तिसऱ्या अध्यायात ऋतुकालाच्या सोळा रात्री सांगितल्या आहेत. पहिल्या चार वर्ज्य, अकरावी आणि तेरावी वर्ज्य, सम रात्री संबंध आला तर मुलगा आणि विषम रात्री मुलगी. यातला सम-विषमाचा भाग निव्वळ थाप आहे. मुलगा की मुलगी हे पुरुषाच्या शुक्राणूवर ठरते, तारखेवर नाही. पण त्याहून महत्त्वाचे हे की हे सगळे गणित पुरुषाला पुत्र मिळावा म्हणून मांडले आहे. बाईला मूल हवे की नको, हा प्रश्न त्या ग्रंथाला पडतच नाही.

इथे एक गोष्ट प्रामाणिकपणे सांगितली पाहिजे. अडाणी फक्त आपलेच शास्त्र होते असे नाही. युरोपातले डॉक्टरही विसाव्या शतकाच्या सुरुवातीपर्यंत पाळीच्या आसपासचे दिवस गर्भ राहण्याचे आणि दोन पाळ्यांमधले दिवस सुरक्षित मानत होते. म्हणजे नेमके उलटे! त्यांचा सल्ला मानणाऱ्या किती बायकांना नको असताना दिवस गेले असतील, याची मोजदाद नाही. १९२४ मध्ये जपानच्या क्युसाकू ओगिनो यांनी आणि १९२८ मध्ये ऑस्ट्रियाच्या हर्मान क्नाउस यांनी स्वतंत्रपणे दाखवून दिले की बीज पुढच्या पाळीच्या साधारण दोन आठवडे आधी बाहेर पडते. म्हणजे हे ज्ञान जेमतेम शंभर वर्षांचे आहे. फरक एवढाच की विज्ञानाने आपली चूक तपासली आणि दुरुस्त केली. धर्मग्रंथाला ती सोय नसते.

१९२७: एक मासिक, एक तळे, एक होळी

रघुनाथ धोंडो कर्वे मूळचे दापोली तालुक्यातल्या मुरुडच्या घराण्यातले, महर्षी धोंडो केशव कर्वे यांचे पुत्र. मुंबईच्या विल्सन कॉलेजात गणिताचे प्राध्यापक. १९२१ साली त्यांनी मुंबईत संततिनियमन केंद्र सुरू केले. लंडनमध्ये मेरी स्टोप्स यांचे केंद्रही त्याच वर्षीचे. १९२३ मध्ये त्यांनी 'संततिनियमन' हे पुस्तक लिहिले. या विचारांपायी १९२५ मध्ये त्यांना प्राध्यापकी सोडावी लागली. जुलै १९२७ मध्ये त्यांनी 'समाजस्वास्थ्य' मासिक काढले आणि १९५३ साली मृत्यू येईपर्यंत पत्नी मालतीबाईंच्या साथीने, कर्ज काढून, टिंगल सोसून चालवले.

हे वर्ष लक्षात ठेवा. १९२७ च्या मार्चमध्ये बाबासाहेबांनी चवदार तळ्याचे पाणी हातात घेतले आणि २५ डिसेंबरला महाडलाच मनुस्मृती जाळली. एकाच वर्षी, एकाच कोकणाशी नाते असलेल्या दोन माणसांनी एकाच कुंपणावर दोन बाजूंनी घाव घातला.

पुढे दोघांची गाठ न्यायालयात पडली. कर्व्यांवर अश्लीलतेचा पहिला खटला १९३१ मध्ये झाला आणि १०० रुपये दंड झाला. १९३४ मध्ये पुन्हा खटला भरला गेला. या वेळी आरोप काय होता? वाचकांनी पत्रांतून लैंगिक प्रश्न विचारले आणि कर्व्यांनी त्यांना छापील उत्तरे दिली! कर्व्यांचे वकील होते डॉ. आंबेडकर. लैंगिक विषयावर लिहिले एवढ्याने लेखन अश्लील ठरत नाही, लोकांना शंका असतात आणि त्यांना शास्त्रीय उत्तर मिळाले पाहिजे, ही बाबासाहेबांची बाजू होती. खटला ते हरले. कर्व्यांना २०० रुपये दंड झाला.

बाबासाहेबांचा तो काळ कोणता होता पाहा. गोलमेज परिषदा आणि पुणे करार नुकतेच होऊन गेलेले, हाती हजार कामे. एका ब्राह्मण संपादकाचा बदनाम खटला घ्यायची त्यांना काय गरज होती? एका वाचकाने प्रश्न विचारणे आणि त्याला खरे उत्तर मिळणे, हा हक्क त्यांना लढण्याइतका मोठा वाटला म्हणून त्यांनी तो घेतला. रेडीच्या चिठ्ठ्यांना उत्तर देणे हे चळवळीचे काम आहे की नाही, याचा निकाल तिथेच लागलेला आहे.

ठरावात काय होते?

बाबासाहेब आईवडिलांचे चौदावे अपत्य. ते पाच-सहा वर्षांचे असताना आई भीमाबाई गेल्या. रमाईंनी पाच मुलांना जन्म दिला, त्यातली चार गेली. १९३५ मध्ये रमाईही गेल्या. वारंवारची बाळंतपणे बाईचे काय करतात, हे या माणसाने आपल्या घरात पाहिले होते. १९२८ मध्ये कामगार स्त्रियांच्या प्रसूती लाभाच्या विधेयकाला मुंबईच्या कायदेमंडळात त्यांनी पाठिंबा दिला, आणि दहा वर्षांनी हा ठराव आणला. दोन्ही एकाच धाग्याचे आहेत. मूल हवे असेल तेव्हा बाईला विश्रांती आणि पगार मिळावा. नको असेल तेव्हा ते टाळण्याचे साधन मिळावे.

१९३८ च्या भाषणात गरिबी आणि लोकसंख्येचे मुद्दे आहेतच. पण त्याचा गाभा वेगळा आहे. बाळंतपणाच्या वेदना पुरुषांना सोसाव्या लागल्या असत्या तर एकाहून अधिक मुलाला कुणी तयार झाला नसता, असा रोखठोक मुद्दा त्यात आहे. आणि त्याहून पुढचा मुद्दा असा की कोणत्याही कारणाने बाईला मूल नको असेल तर गर्भ टाळणे तिच्या हाती असले पाहिजे, निर्णय सर्वस्वी तिचा असला पाहिजे. 'कोणत्याही कारणाने' हे शब्द नीट वाचा. नवऱ्याची परवानगी नाही, सासूची नाही, पंचांची नाही.

विरोधकांचे उत्तर होते संयम. गांधीजींचीही तीच भूमिका होती. डिसेंबर १९३५ मध्ये मार्गारेट सँगर वर्ध्याला त्यांना भेटून गेल्या, पण साधनांना त्यांची संमती मिळाली नाही. प्रांतात तेव्हा बाळासाहेब खेरांचे काँग्रेस मंत्रिमंडळ होते. संयम हा उपदेश म्हणून ठीक, पण घरात नवऱ्याला नाही म्हणण्याची सत्ता जिच्याकडे नाही, तिला संयमाचा सल्ला देणे म्हणजे तिच्या तोंडावर दार लावणे आहे. स्वातंत्र्यानंतर १९५२ मध्ये भारताने राष्ट्रीय कुटुंब नियोजन कार्यक्रम सुरू केला. ५२ जणांनी फेटाळलेला विचार चौदा वर्षांत देशाचे धोरण झाला.

तीन आक्षेप

पहिला आक्षेप: माहिती दिली तर पोरे बिघडतील. हाच आरोप कर्व्यांवर होता. पोरांना माहिती मिळतेच, फक्त ती मोबाइलवरच्या घाणेरड्या व्हिडिओतून आणि मित्रांच्या फुशारकीतून मिळते. अज्ञानाने संबंध थांबत नाहीत. थांबते ते मुलीचे शिक्षण.

दुसरा आक्षेप: हा चळवळीचा विषय नाही. २० जुलै १९४२ रोजी नागपूरला दलित महिला परिषदेत हजारो स्त्रियांसमोर बाबासाहेबांनी लग्नाची घाई करू नका, जास्त मुले होऊ देऊ नका आणि नवऱ्याची गुलाम नव्हे तर मैत्रीण व्हा, हे सांगितले. तो त्यांना चळवळीचा विषय वाटला. आपल्याला का वाटू नये?

तिसरा आक्षेप जास्त गंभीर आहे. संततिनियमन म्हणजे आमची संख्या घटवण्याचा डाव, असे काही कार्यकर्ते म्हणतात. याला आधार नाही असे नाही. गरीब आणि खालच्या मानलेल्या जाती फार वाढतात, या चिंतेने संततिनियमन मागणारे उच्चवर्णीय भद्रलोक त्या काळीही होते. आणीबाणीत नसबंदीची सक्ती गरिबांवर झाली. १९७६ मध्ये महाराष्ट्र विधिमंडळाने तर सक्तीच्या नसबंदीचे विधेयकच संमत केले, राष्ट्रपतींची संमती न मिळाल्याने ते कायदा झाले नाही. आजही ओझे कुणावर आहे? २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत देशातल्या विवाहित स्त्रियांपैकी ३७.९ टक्के स्त्रियांची नसबंदी झालेली होती, तर पुरुष नसबंदीचा वाटा ०.३ टक्के. पण सक्तीला उत्तर अज्ञान हे नाही. सरकार ठरवणार नाही आणि जातपंचायतही ठरवणार नाही, बाई ठरवेल, ही बाबासाहेबांची रेघ दोन्ही डावांना छेदते.

आता चिठ्ठ्यांची उत्तरे

बीज बाहेर पडल्यावर साधारण १२ ते २४ तास टिकते. शुक्राणू मात्र स्त्रीच्या शरीरात पाच दिवसांपर्यंत जिवंत राहू शकतात. म्हणून बीज सुटण्याच्या आधीचे पाच दिवस आणि तो दिवस, असे सहा दिवस जोखमीचे. बीज पुढच्या पाळीच्या सुमारे १४ दिवस आधी सुटते. पाळी २८ दिवसांची असेल तर पाळीच्या पहिल्या दिवसापासून मोजून अंदाजे नवव्या ते पंधराव्या दिवसापर्यंत धोका जास्त. पण पुढची पाळी कधी येईल हे आधी कुणाला माहीत असते? ताण, आजार, रात्रपाळी, कमी खाणे यांनी तारखा सरकतात. तरुण वयात तर जास्तच. त्यामुळे 'सुरक्षित दिवस' मोजून निर्धास्त होऊ नये.

एकदाच झाले तर? सर्वाधिक जोखमीच्या दिवसांतही एका संबंधातून गर्भ राहण्याची शक्यता साधारण २० ते ३० टक्के असते, इतर दिवशी त्याहून बरीच कमी. म्हणजे घाबरून जीव द्यावा असे काही नाही आणि बेफिकीर राहावे असेही नाही. काहीच न वापरता वर्षभर संबंध आले तर १०० पैकी सुमारे ८५ जणींना दिवस जातात. पहिल्या वेळी गर्भ राहत नाही, उभ्याने किंवा लगेच धुतल्याने राहत नाही, पपई खाल्ली की पडतो, हे सगळे खोटे. 'बाहेर काढले होते' यावरही विसंबू नये, त्या पद्धतीवर राहणाऱ्यांपैकी वर्षात शंभरात सुमारे वीस जणींना दिवस जातात.

संबंध होऊन गेला असेल तर घड्याळ महत्त्वाचे. लेव्होनॉरजेस्ट्रेल १.५ मिलिग्रॅमची आपत्कालीन गोळी ७२ तासांच्या आत घ्यायची, आणि जितकी लवकर तितकी चांगली. दोन तासांत उलटी झाली तर पुन्हा घ्यावी लागते. ही गोळी बीज सुटणे लांबवते. राहिलेला गर्भ ती पाडत नाही आणि तिने वंध्यत्व येत नाही. पाळी थोडी पुढेमागे होऊ शकते. २००५ पासून ती मेडिकलमध्ये चिठ्ठीशिवाय मिळते आणि आशाताईंकडेही असते. पाच दिवसांच्या आत डॉक्टरांकडून तांबी बसवून घेणे हा याहून खात्रीचा उपाय आहे. पण गोळी आणि तांबी रोगांपासून वाचवत नाहीत. ते काम फक्त निरोध करतो, आणि तो खिशात ठेवण्याची जबाबदारी पुरुषाची आहे.

लघवीची चाचणी पाळी चुकल्यावर करावी. पाळी अनियमित असेल तर संबंधानंतर तीन आठवड्यांनी. आधी केलेली चाचणी 'नाही' दाखवून फसवू शकते. पाळी चुकली असताना पोटात एका बाजूला तीव्र दुखू लागले, चक्कर आली, रक्तस्राव झाला तर थेट रुग्णालय गाठावे.

गर्भ राहिला आणि नको असेल तर कायदा बाजूने आहे. १९७१ चा वैद्यकीय गर्भपात कायदा २०२१ मध्ये सुधारला गेला. २० आठवड्यांपर्यंत एका डॉक्टरच्या मताने, आणि ठरावीक परिस्थितीतल्या स्त्रियांना २४ आठवड्यांपर्यंत दोन डॉक्टरांच्या मताने गर्भपात करता येतो. सज्ञान स्त्रीला फक्त स्वतःची संमती पुरते, नवऱ्याची किंवा बापाची लागत नाही. २९ सप्टेंबर २०२२ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने अविवाहित स्त्रीलाही हा हक्क समान असल्याचे स्पष्ट केले. १८ वर्षांखालील मुलीच्या बाबतीत पालकाची संमती लागते आणि पोक्सो कायद्याप्रमाणे पोलिसांना कळवावे लागते, पण तिने किंवा पालकाने सांगितल्यास डॉक्टरांना तिची ओळख उघड करावी लागत नाही, हेही त्याच निकालात आहे. मेडिकलमधून गर्भपाताच्या गोळ्या परस्पर आणून घेणे मात्र जिवावर बेतू शकते.

वाट कुणी पाहायची?

आज गोळी आहे, कायदा आहे, आरोग्य केंद्र आहे. तरी रेडीच्या टोकावरची मुलगी ही गोळी घ्यायला तेरेखोलपलीकडे जाते, कारण गावातल्या मेडिकलवाल्याला तिचा बाप ओळखतो. ७२ तासांतले कित्येक तास 'कुणाला विचारायचे' यातच जातात. मुलगा वेगळ्या जातीचा असेल तर भीती दुप्पट. मग घाईचे लग्न, सुटलेले कॉलेज, किंवा त्याहून वाईट.

म्हणून आमचे म्हणणे सरळ आहे. प्रत्येक बुद्धविहारात, प्रत्येक अभ्यासवर्गात वर्षातून एकदा तरी या विषयावर जाणकार डॉक्टर किंवा परिचारिका बोलवा. मुलांना आणि मुलींना, दोघांनाही बसवा. गावातल्या आशाताईंशी, आरोग्य केंद्राशी बोलून ठेवा, म्हणजे मध्यरात्री एखादीचा फोन आला तर काय सांगायचे हे कार्यकर्त्याला माहीत असेल. तिने विचारले तर आधी उत्तर द्या, आणि नाव कुठेही सांगू नका. उपदेश तर अजिबात नको. आणि १० नोव्हेंबर ही तारीख आपल्या दिनदर्शिकेत लिहा.

त्या दिवशी सभागृहात ११ हात वर झाले होते. आज मोजले तर आपल्या वस्तीत किती होतील?

जयभीम!